मुतखड्याची बातमी

रविवार, ४ जानेवारी २००४

या घरावर कुळथाचं राज्य आहे आणि ते उलथून टाकण्याचा कोणताही सनदशीर मार्ग आता उरलेला नाही, हे आज दुपारी पानावर बसताना माझ्या ध्यानात आलं. सोमवारी पिठी, बुधवारी उसळ, शुक्रवारी कढण. आज रविवार म्हणून मोठ्या आशेने ताटाकडे पाहिलं, तर पुन्हा पिठी. संस्कृतात याला कुलित्थ म्हणतात. पण भाषा बदलून चव बदलत नाही, असं मी मोठ्याने म्हणालो. उमा म्हणाली, "घरात आणलंत कुणी? तुम्हीच ना? मग गिळा आता."

अन्याय असा की तिचं म्हणणं खरं आहे. तीन वर्षांपूर्वी उमाच्या छातीतली गाठ काढायला आम्ही मुंबईला गेलो आणि चार महिन्यांनी परतलो. एसटी स्टँडवर उतरतो न उतरतो तोच रावजीशेठ बागायतदार समोर. "काय झालं होतं हो वहिनींना?" मी बेधडक म्हणालो, "मुतखडा." आमची ऋजुता तेव्हा बावीसची. आईला असलं काही झालं म्हटल्यावर मुलीला कोण करून घेणार, हा त्यामागचा विचार. उमाचे केस गेले होते, ते 'औषधांच्या उष्णतेने' गेले. मुतखड्याने केस गेल्याची नोंद वैद्यकशास्त्रात नसेल, रत्नागिरीत आहे. इतकी वर्षं वार्ताहरकी केली, पण खंडन न आलेली माझी बातमी एवढी एकच.

आणि मुतखडा म्हटल्यावर कुळथाचं पाणी, हे कोकणात पोराला बोलायच्या आधी कळतं. गावभरातून कुळीथ आले. बाकीचे थकले, तुळसा थकली नाही. ती आतल्या गावाहून आठवड्यातून दोनदा भाजी घेऊन येते आणि टोपलीच्या तळाशी बाईंसाठी कुळथाची पुरचुंडी असतेच. पैसे घेत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण मात्र वेगळं. उमा धावणार आहे. गेलं वर्षभर पहाटे भाट्याच्या वाळूवर ती 'चालायला' जाते अशी माझी समजूत होती. आज कळलं, ती धावते. पुढच्या महिन्यात भाट्याच्या पुलापासून पूर्णगडापर्यंत, म्हणजे आपल्या माहेरापर्यंत, धावत जाणार. मुंबईत ज्या संस्थेच्या खोलीत आम्ही ते चार महिने काढले, तिच्यासाठी मदत जमवायला.

"लोक विचारतील, कसली संस्था," मी म्हटलं.

"कॅन्सरच्या पेशंटांची. सांगायचं."

खिडकी उघडी होती. मी उठून लावली.

बुधवार, ७ जानेवारी

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी भूगोलाची शिक्षिका पंजाबी ड्रेस आणि पांढरे बूट घालून रस्त्याने धावली, तर रत्नागिरीत काय होतं? काही होत नाही. फक्त सगळे दारात येऊन दात घासतात.

रावजीशेठांनी दर किलोमीटरमागे एक पेटी हापूस कबूल केला. पेटी एप्रिलात, कारण आंबा अजून मोहोरात आहे. आमच्याकडचं औदार्य नेहमी पुढच्या हंगामातलं असतं. "पण धावत्येस कशापायी गो?" त्यांनी उमाला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "समाजकार्य."

"असं होय," रावजीशेठ म्हणाले. त्यांची निराशा झाल्यासारखी वाटली.

रविवार, ११ जानेवारी

बातमी लिहिली. 'येथील शिक्षिका सौ. उमा फणसळकर यांनी सामाजिक बांधिलकीच्या भावनेतून, दुर्धर आजाराने ग्रस्त रुग्णांच्या साहाय्यार्थ...' फॅक्स करण्याआधी उमाने कागद ओढून घेतला.

"बांधिलकी? मी काय जत्रेला वर्गणी देत्येय?"

"मग काय लिहू?"

"मला झाला होता, म्हणून धावत्येय. लिहा. आणि दुर्धर म्हणजे काय हो? धरायला कठीण, ना? मला तर त्याने अगदी नीट धरलं होतंन."

मी तिला शांतपणे समजावलं. पुढच्या रविवारी चिपळूणचे देवदत्तराव मराठे सहकुटुंब येताहेत. मुलगा गंधार इंजिनिअर, पुण्यात ऋजुताच्याच ऑफिसशेजारी. पत्रिका जुळते, पोरांची मनंही जुळलेली दिसतात. साखरपुडा होऊ दे, मग काय हवं ते सांग. तोवर मौन.

"आणि साखरपुड्यानंतर म्हणाल, लग्न होऊ दे. मग म्हणाल, बाळंतपण होऊ दे."

हे मी खरोखरच म्हणणार होतो. बातमी माझ्या पद्धतीने गेली. संध्याकाळी तिने माझ्या ताटात कुळथाची उसळ वाढली, वार नसताना.

गुरुवार, १५ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ. वर्षातून एकदा गोड बोलण्याची सक्ती आहे. वार्ताहरांना तीतून सूट असावी.

तुळसा भाजी घेऊन आली. उमा शाळेत होती. पावटे मोजता मोजता म्हणाली, "काका, येक इचारू? मुतखडा छातीत पन होतो काय वो?"

मी म्हटलं, "अगो, मूत छातीत असतं काय?"

ती तोंडाला पदर लावून हसली. मग म्हणाली, "न्हाय, बाईंचा हात तवा वर होत नव्हता. आता होतो?"

"पताका लावण्याइतका वर होतो."

"बरा झाला म्हनायचा मग," ती म्हणाली. टोपली डोक्यावर घेताना तिने डावा हात लावला नाही, मला म्हणाली, "जरा हात द्या." शरीररचनेचं हे तुळसाशास्त्र पुढेमागे एखाद्या विनोदी स्फुटात वापरता येईल.

उमाची मुंबईची तपासणी या महिन्यात असते. ती तिने फेब्रुवारीवर ढकलली, शाळेत परीक्षा आहेत म्हणाली. जानेवारीत कसल्या परीक्षा, हे विचारायचं राहून गेलं.

रविवार, १८ जानेवारी

मराठे मंडळी आली आणि गेली.

देवदत्तराव माणूस भला, पण चौकशा बारीक. पोहे संपता संपता म्हणाले, "आमच्याकडे तब्येतीचं जरा पाहतात हो. आमच्या आत्याच्या सुनेला मधुमेह निघाला, लग्नानंतर कळलं. फार मनस्ताप झाला." मग उमाकडे वळून, "वहिनी, तुमचंही मध्ये काही ऑपरेशन झालं होतं म्हणे?"

उमा म्हणाली, "झालं होतं."

आणि थांबली. माझ्याकडे पाहत नव्हती, त्यांच्याकडेच पाहत होती. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय की काय, म्हणून मी मान वर केली. ऋजुता स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन तशीच उभी.

"मुतखडा," मी म्हणालो.

"हात्तिच्या! मला तीनदा झालाय!" देवदत्तराव एकदम खुलले. पुढचा अर्धा तास त्यांनी आपल्या तिन्ही खड्यांचा आकार, स्थान आणि निर्गमन यांचं साद्यंत वर्णन केलं. मी जाणकाराप्रमाणे मान डोलावत होतो. गंधार तेवढ्यात बशीतलं ओलं खोबरं चमच्याने एका बाजूला लोटत होता, मान खाली घालून. खाण्यात चोखंदळ दिसतो. जाताना उमाला वाकून नमस्कार केलान आणि "आई, जपून धावा" म्हणालान. आत्तापासून आई! चांगलं लक्षण आहे.

ते गेल्यावर उमाने कपबशा विसळल्या, पुसल्या, फडताळात लावल्या. एकही आपटली नाही. मला त्याचीच धास्ती वाटली.

शनिवार, २४ जानेवारी

दुपारून आरे-वारेला सरावाला गेलो. ती पुढे, मी मागून स्कूटरवर, पाण्याच्या बाटल्या आणि ग्लुकोजची पुडी घेऊन. माणसाच्या धावण्याच्या वेगाने स्कूटर चालवणं हा क्लचवर अत्याचार आहे. वाटेत एसटीच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, "काय काका, काकी रुसली की काय?"

चढ संपता संपता उमा थांबली. एक हात गुडघ्यावर, दुसरा मागे, बरगड्यांखाली पाठीवर. समोर एवढा समुद्र असताना ती रस्त्याकडे बघत होती.

"उसण भरली," म्हणाली.

"मागच्या आठवड्यातही भरली होती."

"तीच. मुक्कामाला आलीय."

घरी आल्यावर पाठीला तेल चोळून दिलं. चोळताना तिने श्वास धरून ठेवला. मी म्हटलं, एवढं गार आहे का तेल? हो म्हणाली. तेल मी गरम करून घेतलं होतं.

येताना तिने बाजारातून हातात मावतील असे छोटे आरसे घेतले, चांगले दोन डझन. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून. बायकांना आरसा वाटणं म्हणजे समुद्राला मीठ देणं, असं मी म्हणालो. उमा म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी मागच्या पडवीत बसा. आत येऊ नका."

बुधवार, २८ जानेवारी

काय झालं ते जसं झालं तसं लिहितो.

हळदीकुंकवाला पुरुषाने दृष्टिआड असावं, या परंपरेनुसार मी मागच्या पडवीत पेपर घेऊन बसलो होतो. तेवढ्यात तुळसा आली. पुढच्या दारी बायकांच्या चपला पाहून मागून आली. "बसतंय हितंच, सगळ्या गेल्या की बाईंना भेटतंय," म्हणाली आणि पायरीवर टेकली. आतून बांगड्या, हसणं, तिळगुळाच्या वाट्या. मग उमाचा आवाज, वर्गात शिकवते तो.

"आरसे मिळाले सगळ्यांना? आता हे वाण कशाला, ते सांगते. घरी गेलात की न्हाणीघरात कडी लावायची, पोलकं काढायचं आणि या आरशात बघायचं. हात वर करून बघायचं. मग बोटांनी चाचपायचं. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, तर लाजायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. मी उशीर केला होता. माझा डावा स्तन काढलाय. मला कॅन्सर झाला होता."

पेपर माझ्या हातात होता. मी एकच ओळ वाचत होतो, पण ती कशाची होती ते आता आठवत नाही.

एवढ्या बायका एका खोलीत आणि आवाज नाही, असं मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. मग शेजारच्या चिमाकाकूंचा आवाज, अगदी बारीक: "म्हणजे खडा नव्हताच?"

"नव्हता, काकू."

"अगो, मग मी एवढे कुळीथ पाठवले ते!"

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळ्याच हसल्या, आणि मध्येच कोणीतरी रडायला लागलं. कोण ते कळलं नाही. मी वळून पाहिलं, तर तुळसा पायरीवर उभी होती. टोपली खाली. ती माझ्याकडे पाहत होती. मी काही विनोदी बोलणार होतो बहुतेक. ती म्हणाली, "काका, तुमी तर..." आणि निघून गेली. टोपली तशीच टाकून.

एवढी का रागावली? खोटं बोललो तर तिचं काय बिघडलं, मला कळलं नाही. भाजी मीच आत आणून ठेवली.

शुक्रवार, ३० जानेवारी

चिमाकाकूंच्या भाचीची नणंद चिपळूणला असते. बातमीला दीड दिवस लागला, म्हणजे मध्ये एसटीचा काही घोळ झाला असावा.

देवदत्तरावांचा फोन. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. "फणसळकर, मी माझ्या तिन्ही खड्यांची हकिकत तुम्हाला सांगितली हो. अगदी घरच्यासारखी. आणि तुम्ही मान डोलावलीत."

"देवदत्तराव, मुलीसाठी म्हणून—"

"तसं नाही. पण घरात थोडं... थांबू या सध्या."

फोन ठेवला आणि उमाला म्हटलं, "झालं समाधान?" हे शब्द मी उच्चारले. ती बूट घालत होती. नाडी बांधून झाली, मग म्हणाली, "नाही. पण श्वास येतोय." आणि गेली धावायला.

मी तिच्या जाण्याकडे पाहत राहिलो. ती फाटकापाशी थांबली, पाठीवर हात ठेवला, मग धावू लागली.

रविवार, १ फेब्रुवारी

तुळसा आली. भाजी नव्हती, टोपलीही नव्हती. नवं लुगडं नेसून आली होती, जशी बाई तालुक्याला दाखल्यासाठी जाते तशी. माझ्याशी बोलली नाही. उमाने तिला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

बराच वेळ लागला. उमा बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला. मुंबईत डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आल्यावर माझा तसा झाला होता, असं तिनेच मला मागे सांगितलं होतं.

"गाठ आहे. लिंबाएवढी. वरची कातडी लाल झालीय. काखेत पण लागतेय."

"कधीपासून?"

तुळसा दारात येऊन उभी राहिली होती, तिनेच उत्तर दिलं. "दोन पावसाळे झाले. आदी वाटान्यायेवढी व्हती." मग ती माझ्याशी बोलली, पण डोळे जमिनीवर. "बाई मुंबयवरनं आल्या तवा त्यांचा हात वर व्हत नव्हता. छातीशी हात धरून बसायच्या. मी बगितलंय, मी भांडी घासायची तवा हितं. तुमी सांगितलात, मुतखडा. मला गाठ आली, हात दुकाया लागला, म्हटलं आपल्याला पन बाईंचाच आजार झाला. मुतखडा. मग मी पन कुळथाचं पानी पित्येय. रोज. बाईंना मूठभर आनायची, तवा घरी पातेलंभर शिजवायची."

मी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं. शब्दांवर पोट भरणारा माणूस मी.

"बाई बऱ्या झाल्या ना," तुळसा म्हणाली, "म्हटलं, मी पन व्हईन."

उमाने तिला चहा दिला, साखर दोन चमचे जास्त. मग बँकेतल्या माणसासारखी शांतपणे बोलू लागली: उद्या सिव्हिलच्या डॉक्टरांकडे, मग त्यांची चिठ्ठी, मग मुंबई, तुझा नवरा मुंबईतच आहे, त्याला फोन करू, त्या संस्थेची खोली मिळेल, मी बोलते. तुळसा मान हलवत होती. निघताना मला म्हणाली, "येत्येय काका." नेहमीसारखंच. त्यापेक्षा तिने चपलेने मारलं असतं तर चाललं असतं.

सोमवार, २ फेब्रुवारी

फॅक्स पाठवला. 'खुलासा. येथील शिक्षिका सौ. उमा फणसळकर यांना तीन वर्षांपूर्वी मुतखडा झाल्याचे वृत्त प्रस्तुत वार्ताहराने सर्वत्र प्रसृत केले होते. ते निराधार होते. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. त्या त्यातून बऱ्या होऊन येत्या रविवारी पूर्णगडापर्यंत धावणार आहेत. ज्या स्त्रियांनी या वृत्तावर विसंबून काही उपचार केले असतील त्यांनी विनाविलंब डॉक्टरांना भेटावे.'

उपसंपादकाचा फोन आला, "फणसळकर, ही बातमी आहे की काय आहे?" मी म्हटलं, छापा.

'त्यातून बऱ्या होऊन' हे शब्द लिहिताना पेन थांबलं होतं. का, ते पाहिलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तुळसाला मुंबईची चिठ्ठी दिली. अकरा तारखेची वेळ मिळाली. "मीही त्याच दिवशी दाखवून घेते, दोन्ही कामं होतील," उमा म्हणाली, एका पिशवीत दोन नारळ आणायचे असल्यासारखं.

ऋजुता पुण्याहून आली. मी तिच्यापुढे मान खाली घालून बसलो. म्हटलं, "बाळ, स्थळ गेलं."

"बाबा, गंधारला मी पहिल्याच भेटीत सांगितलंय."

"आणि तो त्या दिवशी खड्यांच्या गोष्टी ऐकत बसला?"

"त्याला हसू आवरत नव्हतं. सारखा खोबरं बाजूला करत होता. आता घरी भांडतोय."

"मग तीन वर्षं मी लपवत कुणापासून होतो?"

"ते मला काय माहीत," ती म्हणाली आणि आईची पाठ शेकायला गरम पाण्याची पिशवी भरायला गेली. पिशवी कुठे असते ते तिला विचारावं लागलं नाही. म्हणजे फोनवर या दोघींचं बोलणं होतं तर.

रविवार, ८ फेब्रुवारी

पूर्णगडला उमाच्या भावाच्या ओटीवर बसून लिहितोय. कागद मांडीवर आहे, अक्षर क्षम्य समजावं.

भाट्याच्या पुलावर उजाडता उजाडता हळदीकुंकवाच्या बायका आल्या होत्या. टाळ्या कशा वाजवायच्या ते त्यांना कळेना, मग चिमाकाकूंनी ओवाळलं. बुटांना कुंकू लागलं. रावजीशेठ म्हणाले, "वहिनी, पेटी किलोमीटरला दोन करा माझ्या," आणि उमाची नजर चुकवून नाक शिंकरू लागले.

चढ ती चांगली चढली. मी मागे, ऋजुता माझ्या मागे बसलेली. सड्यावर, वरच्या उघड्या कातळावर आल्यावर ऊन लागायला लागलं. जांभा तापतो तसा रस्ताही तापतो, सावलीला झाड नाही. गोळपाच्या अलीकडे ती थांबली. वाकली. या वेळी हात पाठीवर ठेवला तो काढलाच नाही. तोंड पांढरं. मी स्कूटर आडवी टाकून धावलो.

"बस. उमा, बस झालं. मी हात जोडतो."

"मला ओकारी येत्येय. जरा थांबा."

ओकली नाही. डोळे मिटून उभी राहिली. ओठ हलत होते. रामरक्षा असेल, किंवा मला शिव्या.

"कुठे दुखतंय?"

"सगळीकडे."

"खरं सांग."

तिने डोळे उघडले. "अहो, एक करा. वळणापलीकडे जाऊन थांबा. तुमचं तोंड दिसलं की जास्त दुखतं."

मी गेलो. वळणापलीकडे ओढ्यावरच्या मोरीचा कठडा आहे, त्यावर बसलो. ऋजुता म्हणाली, "बाबा, श्वास घ्या." मी घेत नव्हतो, हे मला तिने सांगेपर्यंत कळलं नव्हतं. जितका वेळ गेला तितक्या वेळात मी देवाला जे जे कबूल केलं, ते फेडायचं तर मला हे घर विकावं लागेल.

मग बुटांचा आवाज आला.

पावसच्या अलीकडे रस्त्याकडेला चार बायका उभ्या होत्या, डोक्यावर लाकडाच्या मोळ्या. त्यातली एक उमाबरोबर थोडी पळाली, मोळीसकट. "बाई, तुमालाच झालावता ना त्यो? पेपरात आलंवतं."

"हो. मलाच."

"आनी पळताव?"

"पळत्येय ना. तू आरशात बघितलंस का?"

"बगितलं," ती म्हणाली आणि मोळी सावरत मागे राहिली. काय दिसलं ते तिने सांगितलं नाही आणि उमाला थांबता येत नव्हतं. पुढे कितीतरी वेळ उमा मागे वळून पाहत होती.

पूर्णगडच्या उतारावर तिला पाय टाकता येईनात, एकेक ठेवून उतरली. किनाऱ्यावर जाळी सुकत होती, बायका मासे निवडत होत्या, कोणाला काही माहीत नव्हतं. उमा एका ओढून ठेवलेल्या होडीच्या काठावर बसली. मी पाणी दिलं. ती प्यायली, मग माझ्याकडे पाहून हसली. असं की मला ती सत्तावीस वर्षांपूर्वीची आठवली, याच किनाऱ्यावर पाहायला आलो होतो तेव्हाची.

"झालं हो," म्हणाली. "आता काय व्हायचं ते होऊ दे."

भावजयीने तिला आत निजवलंय. ती कुशीवर झोपलीय, उजव्या. पाठीवर नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

उद्या पहाटेच्या गाडीने निघायचं. उमा, तुळसा आणि मी. तुळसाचा नवरा काशीराम दादरला उतरवून घ्यायला येणार आहे. तो तिकडे एका कारखान्याच्या गेटवर असतो; फोनवर म्हणाला, "काका, तिला काय बोलू नका, ती घाबरंल." मी बरं म्हटलं. तुळसा तिकिटाचे पैसे देते म्हणून हटून बसली होती, उमाने तिला रागावून गप्प केलं. आता दोघी आत पिशवी भरताहेत आणि कशाला तरी हसताहेत. तुळसाचं हसणं ऐकवत नाही मला. तिचे दोन पावसाळे मी परत कुठून आणू?

संस्थेकडे मदत पोचली. गंधारच्या आईचा फोन आला, ऋजुताशी बोलल्या, बरंच बोलल्या. देवदत्तराव अजून बोलत नाहीत. ते बोलतील किंवा न बोलतील.

आज दुपारी उमाला न सांगता डॉक्टरांकडे गेलो होतो. पाठीबद्दल सांगितलं, एक्स-रे काढू या का विचारलं. म्हणाले, "इथे कशाला काढता, उद्या तिथे सगळं बघतीलच." नेहमी ते मला निरोप द्यायला दारापर्यंत येतात आणि पेपरातल्या चुका काढतात. आज उठले नाहीत. चिठ्ठ्या सारख्या करत बसले.

ऋजुताच्या लग्नाची मला काळजी होती असं मी इतके दिवस लिहीत आलो. तशी ती नव्हती. लोक काय म्हणतील याचीही नव्हती.

उमाची पाठ डिसेंबरपासून दुखते आहे. धावून दुखत नाही. बसली असतानाही दुखते, पोळ्या लाटतानाही दुखते, मी बघत असतो. मला वाटतं कॅन्सर परत आला आहे. तिलाही तसंच वाटतं, म्हणून तिने तपासणीच्या आधी धावून घेतलं.

ती मरेल याची मला भीती वाटते. एवढंच आहे.